निर्णय कोणाचा, जंगल कोणाचे : आदिवासींचा स्वनिर्णय आणि गडचिरोलीतील ग्रामसभा

आदिवासींच्या विकासाविषयी महाराष्ट्रात पुष्कळ बोलले आणि लिहिले जाते. परंतु त्या चर्चेचा रोख बहुतेक वेळा त्यांना काय द्यावे याकडे असतो, म्हणजे रस्ता, आश्रमशाळा, दवाखाना, धान्य, घरकुल. आणि त्यांच्या गावाविषयी, जंगलाविषयी निर्णय कोणी करावा हा त्याहून मूलभूत प्रश्न मागे पडतो. या दुसऱ्या प्रश्नाला राज्यशास्त्रात आणि आंतरराष्ट्रीय कायद्यात ‘स्वनिर्णय’ असे नाव आहे. एखाद्या समाजाने आपली जमीन, पाणी, जंगल, भाषा आणि उपजीविका यांचे पुढे काय व्हावे हे स्वतः विचार करून ठरवणे, आणि बाहेरून आलेल्या योजनेला होकाराइतक्याच मोकळेपणाने नकार देता येणे, हा त्याचा गाभा होय. शाश्वत विकास, म्हणजे आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांचा वाटा न संपवणारा विकास, हाही या स्वनिर्णयावरच उभा राहतो, कारण ज्यांना त्याच जंगलाच्या कडेला पिढ्यानपिढ्या राहायचे आहे, त्यांच्या हाती निर्णय असल्याखेरीज त्या जंगलाची कायमची राखण करणारा दुसरा कोणी सापडत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील ग्रामसभांचा गेल्या चार दशकांचा अनुभव ही गोष्ट जितक्या स्पष्टपणे दाखवतो, तितकी ती पुस्तकी युक्तिवादाने क्वचितच पटते.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १३ सप्टेंबर २००७ रोजी आदिवासी जनसमूहांच्या हक्कांचा जाहीरनामा १४४ विरुद्ध ४ मतांनी संमत केला. विरोधात मत देणारे चारही देश, म्हणजे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड, हे मूळ रहिवाशांच्या भूमीवर वसाहतींतून उभे राहिलेले होते, आणि त्या सर्वांनी पुढील काही वर्षांत आपली भूमिका बदलली. ४६ कलमांच्या या जाहीरनाम्यातील तिसरे कलम स्वनिर्णयाचा हक्क मान्य करते, तर बत्तिसावे कलम असे सांगते की, त्यांच्या भूमीवर परिणाम करणारा प्रकल्प मंजूर करण्यापूर्वी सरकारने त्यांची मुक्त, पूर्वसूचित आणि माहितीपूर्ण संमती मिळवण्यासाठी त्यांच्याशी सद्भावनेने विचारविनिमय करावा. संमती मुक्त म्हणजे धाकाविना किंवा लालचीविना दिलेली, पूर्वसूचित म्हणजे काम सुरू होण्याआधी घेतलेली, आणि माहितीपूर्ण म्हणजे नफातोट्याच्या सर्व बाजू समजतील अशा भाषेत मांडल्यानंतर दिलेली. भारताने जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिले. मात्र स्वातंत्र्याच्या वेळचे सर्वच भारतीय येथील मूळ रहिवासी आहेत आणि स्वनिर्णयाचा हक्क परकीय सत्तेखालील जनतेपुरता आहे, अशी भूमिकाही त्याच वेळी मांडली. म्हणूनच भारतात या प्रश्नाची उत्तरे आंतरराष्ट्रीय मंचापेक्षा भारतीय संविधानात आणि संसदेने केलेल्या कायद्यांत शोधावी लागतात. येथे मागितला जाणारा स्वनिर्णय देशापासून फुटण्याचा नाही. तो संविधानाच्या चौकटीत राहून आपल्या गावाचा कारभार आपण करण्याचा आहे.

जंगल परके कसे झाले

२०११ च्या जनगणनेनुसार देशात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे १०.४५ कोटी, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती, आणि महाराष्ट्रात ती एक कोटीहून अधिक होती. यांतील फार मोठ्या समूहाचे जगणे जंगलाशी बांधलेले आहे. पण ज्या जंगलात त्यांचे देव आणि त्यांच्या पूर्वजांची स्मृतिस्थळे आहेत, ते जंगल कायद्याच्या लेखी त्यांचे उरले नव्हते. ब्रिटिश सरकारने १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी जंगलावर सरकारी मालकीचा पाया घातला आणि १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने तो पक्का केला. या कायद्यांमागे रेल्वेचे स्लीपर, जहाजे आणि महसूल यांची गरज होती, आणि जंगलात राहणारा माणूस त्या व्यवस्थेत हळूहळू अतिक्रमक ठरत गेला.

आजचा गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झाला. त्याच्या बऱ्याच भागात पूर्वी जमीनदाऱ्या होत्या आणि त्या काळात गावकऱ्यांना ‘निस्तार’ हक्क होते. निस्तार म्हणजे घरगुती आणि शेतीच्या गरजेपुरते सरपण, बांबू, इमारती लाकूड, गवत आणि चराई यांचा जंगलातून उपभोग घेण्याचा पिढीजात हक्क. १९५० नंतर जमीनदाऱ्या संपल्या, जंगल सरकारकडे गेले, आणि स्वातंत्र्याने हक्क वाढण्याऐवजी अनेक गावांचे निस्तार हक्क व्यवहारात आकुंचन पावले. घराच्या आढ्यासाठी तोडलेल्या एका बांबूवरून गुन्हा दाखल होण्याची भीती गावाला असे, आणि त्याच जंगलातील बांबू कागद कारखान्यांना दीर्घ मुदतीच्या करारांनी दिला जात असे. पिढ्यानपिढ्या कसलेली जमीन कागदोपत्री वनजमीन ठरल्यामुळे तिच्यावरील शेतीला विदर्भात ‘जबरानजोत’, म्हणजे जबरीने केलेली वहिवाट, हा शब्द रूढ झाला. शब्दानेच कसणाऱ्याला गुन्हेगार ठरवून टाकले होते.

१९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम येथील नियोजित धरणांमुळे या भागातील जंगल आणि गावे बुडण्याची वेळ आली, तेव्हा ‘जंगल बचाव, मानव बचाव’ या नावाने मोठे आंदोलन उभे राहिले. आदिवासी नेते लाल श्याम शाह आणि बाबा आमटे यांचा त्यात पुढाकार होता, आणि धरणांच्या योजना पुढे सरकल्या नाहीत. या लढ्यातून काही गावांना आणखी दूरचा एक प्रश्न पडला, तो असा की, बुडवणारे धरण एकदा थांबवता येते, परंतु गावाविषयीचे निर्णय रोजच्या रोज बाहेरच होणार असतील तर ते कसे थांबवायचे.

एका गावाने शोधलेली रीत

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे कठाणी नदीच्या परिसरातील सुमारे पाचशे वस्तीचे गोंड गाव आहे. लेखा हे शेजारच्या गावाचे नाव असून त्याच नावाच्या ग्रामपंचायतीत मेंढा मोडते. या गावाने देवाजी तोफा यांच्या नेतृत्वाखाली आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने ग्रामसभेची जी रीत घडवली, तिचे सार ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेत आले आहे. घोषणेचा पहिला अर्धा भाग दुसऱ्याइतकाच महत्त्वाचा आहे, कारण देशाचे आणि राज्याचे सरकार आपलेच आहे हे मान्य करून मग गावाच्या कारभारावरचा हक्क सांगितला जातो.

या रीतीची दोन अंगे नीट समजून घेण्यासारखी आहेत. पहिले अंग सर्वसहमतीचे. मेंढ्याच्या ग्रामसभेत स्त्री-पुरुष सर्व प्रौढ बसतात आणि निर्णय बहुमताने न होता सर्वांच्या संमतीने होतो. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलला जातो, त्यावर पुन्हा चर्चा होते, आणि विरोधकाची शंका फिटेपर्यंत किंवा इतरांचे मत बदलेपर्यंत निर्णय थांबतो. ही पद्धत संथ वाटते. परंतु जंगलाचे नियम ज्यांनी पाळायचे त्यांतील निम्म्यांना ते मान्य नसतील, तर ते नियम रात्रीच्या अंधारात टिकत नाहीत, आणि म्हणून लहान गावात सर्वसहमती हीच अंमलबजावणीची हमी असते. दुसरे अंग अभ्यास गटाचे. जंगल, कायदा, जमिनीच्या नोंदी, मध गोळा करण्याच्या पद्धती अशा विषयांवर गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून माहिती मिळवतात, उलटसुलट चर्चा करतात. मात्र निर्णय घेण्याचा अधिकार अभ्यास गटाला नसतो, तो ग्रामसभेचाच राहतो. ज्ञान बाहेरून यावे आणि निर्णय आतून व्हावा, ही वाटणी या गावाने जाणीवपूर्वक पाळली, आणि मदत करणाऱ्या संस्थेनेही ती पाळली, हे विशेष.

या बळावर गावाने दारूबंदी केली, जंगलात अतिक्रमण न करण्याचे आणि वणवा लागू न देण्याचे नियम केले, राखणीच्या पाळ्या लावल्या, आणि ग्रामसभेच्या परवानगीविना कोणीही जंगलातून काही नेऊ नये असे ठरवून कागद कारखान्यासाठी होणारी बांबूतोडही अडवली. कायद्याने जंगल अजून गावाचे झालेले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट आहे. पुढे २०१३ मध्ये गावाने महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ चा आधार घेऊन ग्रामदानाचा, म्हणजे खासगी शेतजमिनीची मालकीही गावसमाजाकडे सोपवण्याचा, निर्णय केला. शेते कसणाऱ्यांकडेच राहतात, पण जमीन बाहेरच्याला विकली जाण्याची वाट बंद होते.

कायद्याने काय बदलले

या प्रयत्नांना कायद्याचे बळ दोन टप्प्यांत मिळाले. भूरिया समितीच्या शिफारशींनंतर १९९६ मध्ये झालेला, ‘पेसा’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा कायदा पंचायत राज व्यवस्था संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतील आदिवासी क्षेत्रांत लागू करतो. परंतु तेथे गाव म्हणजे अनेक वस्त्यांची मिळून केलेली ग्रामपंचायत असे न मानता, आपल्या परंपरेनुसार आपला कारभार पाहणारी वस्ती, वाडी किंवा पाडा हेच गाव मानतो. यामुळे मेंढ्यासारख्या लहान वस्तीलाही स्वतःची ग्रामसभा मिळण्याचा मार्ग खुला झाला. दुसरा टप्पा ‘अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६’ याचा, ज्याला बोलीत वनहक्क कायदा म्हणतात. वननिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याचे त्याच्या प्रास्ताविकेतच कबूल केले आहे, आणि हा कायदा हक्क ‘देण्याची’ भाषा न करता, आधीपासून असलेल्या हक्कांना ‘मान्यता’ देण्याची भाषा करतो.

वैयक्तिक हक्कात १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून प्रत्यक्ष ताब्यात असलेली, कमाल ४ हेक्टरपर्यंतची वनजमीन मान्य होते. सामूहिक हक्काचा आवाका याहून बराच मोठा आहे. त्यात गौण वनोपजावर, म्हणजे बांबू, तेंदूपत्ता, मोह, मध, डिंक, लाख, औषधी वनस्पती अशा वनस्पतिजन्य, पण इमारती लाकूड नसलेल्या उपजावर, मालकी मिळते. आणि गावाच्या पारंपरिक सीमेतील जंगलाचे संरक्षण, संवर्धन व व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळतो. दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते; तेथे निम्मे सदस्य हजर असावे लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. त्यानंतर दावा उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समितीकडे जातो.

मेंढा (लेखा)ला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि असा हक्क मिळालेल्या देशातील अगदी पहिल्या गावांत त्याची गणना झाली. तरीही बांबूचा तिढा सुटेना. वनहक्क कायदा बांबूला गौण वनोपज म्हणतो; १९२७ च्या कायद्यात मात्र बांबूची गणना झाडांत होती, आणि तिचा आधार घेऊन वाहतूक परवाना देण्यास नकार मिळत होता. मालकी गावाची पण माल गावाबाहेर नेता येत नाही, अशी ही स्थिती होती. अखेर तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी बांबू गौण वनोपज असल्याचे राज्यांना कळवले आणि २७ एप्रिल २०११ रोजी मेंढ्यात येऊन, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत, वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. त्यानंतर ग्रामसभा स्वतः बांबूचा लिलाव करू लागली, बँकेचे व्यवहार आणि कराचा हिशेब सांभाळू लागली, आणि गावातल्याच लोकांना तोडीचे काम ठरलेल्या मजुरीने मिळू लागले. १९२७ च्या कायद्यातील झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो २०१७ मध्ये. गावाने जे आधी सांगितले होते, तेथे कायदा सहा वर्षांनी पोहोचला.

हक्क आणि राखण

हक्क दिले तर जंगल तुटेल, अशी भीती अनेक सद्हेतूच्या पर्यावरणप्रेमींनाही वाटते. या भीतीला सिद्धान्ताचे रूप जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये दिले. सामाईक कुरणावर प्रत्येक जण आपले जनावर वाढवत जातो आणि शेवटी कुरण सर्वांचेच नष्ट होते, असा त्यांचा युक्तिवाद होता. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची जंगले, मासेमारीची क्षेत्रे आणि सिंचनाच्या सामाईक व्यवस्था यांचा अभ्यास करून दाखवले की, वापरणाऱ्यांना नियम स्वतः बनवता येत असतील, सीमा ठरलेल्या असतील, राखण त्यांचीच असेल आणि वरच्या सत्तेने त्यांचा हा अधिकार मान्य केला असेल, तर सामाईक संपत्ती दीर्घकाळ टिकते. ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक २००९ मध्ये मिळाले, ज्या वर्षी मेंढ्याला जंगलाचा हक्क मिळाला. हार्डिन यांचे कुरण हे नियम नसलेले, कोणाचेच नसलेले कुरण होते. ग्रामसभेचे जंगल मात्र कोणाचे तरी असते.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने याचे ठळक उदाहरण घालून दिले. गोंडपिपरी तालुक्यातील या गावाला २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेंदूपत्ता हे या भागातील उन्हाळ्याचे हमखास रोख उत्पन्न असते. पण कोवळी पाने भरपूर यावीत म्हणून झुडपे छाटली जातात आणि पुष्कळदा जंगलाला आग लावली जाते. पाचगावच्या ग्रामसभेने चर्चा करून तेंदूपत्ता तोडणेच बंद केले आणि बांबूच्या नियोजित तोडीवर भर दिला. बांबूच्या बेटातून जुने बांबू काढून नवे कोंब राखले, तर बेट वर्षानुवर्षे उत्पन्न देत राहते; ठेकेदाराच्या मुदतीच्या करारात हा धीर नसतो, कारण मुदत संपल्यावर त्याला त्या बेटाशी काही कर्तव्य उरत नाही. दुसरीकडे गडचिरोलीतील कोरची तालुक्यातील ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभारली आणि तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करण्याची वाट धरली. एका गावाने तेंदू सोडला, दुसऱ्यांनी तो नीट विकण्याचे ठरवले. हे दोन्ही निर्णय त्या त्या गावाचे होते, आणि विकासाचा एकच साचा सर्वांवर न बसवणे हाच स्वनिर्णयाचा अर्थ आहे.

नकाराचा अधिकार

स्वनिर्णयाची खरी कसोटी नकारात लागते. ओडिशातील नियमगिरी डोंगरांत डोंगरिया कोंध लोक राहतात आणि नियम राजा हा त्यांचा देव त्या डोंगरात वसतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. तेथील बॉक्साइटच्या खाणीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा १८ एप्रिल २०१३ च्या निकालात न्यायालयाने तेथील लोकांच्या धार्मिक व सामूहिक हक्कांचा विचार ग्रामसभांनी करावा असे ठरवले. रायगडा आणि कालाहांडी जिल्ह्यांतील १२ ग्रामसभा त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये भरल्या आणि बाराही ग्रामसभांनी एकमताने खाणीला नकार दिला. पुढे जानेवारी २०१४ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानेही प्रकल्पाला मंजुरी नाकारली. गडचिरोलीतील एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या टेकड्यांवरही लोहखनिज आहे आणि तेथेच परिसरातील माडिया गोंडांचा ठाकूरदेव आहे. तेथील ग्रामसभांनी खाणकामाला विरोधाचे ठराव केले, तरी खाणकाम सुरू झाले. एका ठिकाणी ग्रामसभेचा शब्द अखेरचा ठरला आणि दुसऱ्या ठिकाणी तो कागदावर राहिला, यावरून कायद्याचे बळ अजून अंमलबजावणी करणाऱ्यांच्या इच्छेवर किती अवलंबून आहे ते दिसते.

देशाला लोखंड लागते, वीज लागते, हा युक्तिवाद खोटा नाही. परंतु शहरात एखाद्याच्या मालकीची जमीन घेताना तिची किंमत, नोटीस, हरकत आणि न्यायालय या सर्व पायऱ्या जितक्या गांभीर्याने पाळल्या जातात, तितक्याच गांभीर्याने ग्रामसभेची संमती घ्यावी, एवढीच या कायद्याची मागणी आहे. देशाच्या गरजेसाठी त्याग करायचा असेल तर तो करणाऱ्याला विचारून व्हावा. न विचारता घेतलेल्या गोष्टीला त्याग म्हणणे भाषेवरही अन्याय करणारे आहे.

उरलेले काम

गडचिरोलीत आज हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, आणि देशात हा जिल्हा या बाबतीत आघाडीवर मानला जातो. तरी देशभरचे चित्र इतके आशादायक नाही. राज्यांनी दिलेल्या आकडेवारीनुसार ११ लाखांहून अधिक दावे फेटाळले गेले होते, आणि १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा दावेदारांना वनजमिनीवरून काढण्याचा आदेश दिला. १५ दिवसांनी, २८ फेब्रुवारीला, तो स्थगित झाला, कारण दावे योग्य प्रक्रियेने फेटाळले गेले की नाही हाच प्रश्न उभा राहिला. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी प्रकल्पासाठी वनजमीन वळवताना वनहक्क कायद्याच्या पूर्ततेची जबाबदारी केंद्राच्या अंतिम मंजुरीनंतर राज्य सरकारवर सोपवली. मंजुरी आधी आणि संमती नंतर, असा क्रम झाला तर ती संमती ‘पूर्वसूचित’ राहत नाही, या आक्षेपाचे समाधान होणे आवश्यक आहे.

हक्क मिळालेल्या गावांपुढेही काम मोठे आहे. हक्काचा कागद हाती आला तरी सीमांचे नकाशे, व्यवस्थापन आराखडा, व्यापाऱ्याशी करार, हिशेब आणि लेखापरीक्षण ही कामे शिकावी लागतात. व्यापाऱ्याने पैसे थकवले तर दाद मागावी लागते. आणि ग्रामसभेत दोन-चार वजनदार कुटुंबांचाच आवाज चालू नये, स्त्रियांचे मत नोंदले जावे, याची राखण जंगलाच्या राखणीइतकीच दक्षतेने करावी लागते. शासनाने येथे मालकाची भूमिका सोडून साहाय्यकाची भूमिका घ्यावी, म्हणजे मोजणी करून द्यावी, प्रशिक्षण द्यावे, भाव पडल्यास आधार द्यावा आणि वनविभागाचे ज्ञान ग्रामसभेपुढे ठेवावे, अशी रास्त अपेक्षा आहे. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांच्या बाबतीत तर हे काम अधिक तातडीचे आहे.

गोंडी भाषेत ‘मावा नाटे मावा राज’ असे म्हणतात, म्हणजे आमच्या गावात आमचे राज्य. या चार शब्दांत सत्तेचा हव्यास नाही. आढ्याला लागणाऱ्या बांबूपासून डोंगरावरच्या देवापर्यंत जे जे आपले म्हणून सांभाळले, त्याचे पुढे काय करायचे हे कोणीतरी आपल्यालाही विचारावे, ही इतकी साधी अपेक्षा त्यांत आहे. मेंढ्याने, पाचगावने, कोरचीने दाखवले की, विचारले गेले की गाव विचार करते आणि विचार करून घेतलेला निर्णय पाळतेही. उरलेल्या गावांना विचारण्याचे काम अजून बाकी आहे, आणि ते आदिवासींचे नसून उरलेल्या समाजाचे व शासनाचे आहे.